शब्द दोनदा तोडायचा

पेइंग गेस्टच्या पाट्या वाचत सदाशिव पेठेतून चालणं हा माझ्यासाठी फेरफटका नसतो, ओव्हरटाइम असतो. विजेच्या डब्यांवर, खांबांवर, उरल्यासुरल्या वाड्यांच्या दरवाजांवर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी ‘कॉट बेसिस’चे कागद डकवलेले असतात आणि त्यात इंग्रजीतून ‘अकॉमोडेशन’ हमखास असतं. एक सी दोन एम, दोन सी एक एम, एक सी एक एम, असे तिन्ही नमुने एकाच गल्लीत भेटतात. दोन सी आणि दोन एम असलेला बरोबर नमुना दिसला की त्या घरमालकांना जाऊन भेटावंसं वाटतं.

धंद्याची खोड आहे ही. मी मुद्रितशोधक. नारायण पेठेतल्या छापखान्यांत खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवण्याचा शेवटचा काळ पाहिला, मग कॉम्प्युटरवरचं डीटीपी आलं, आता पीडीएफवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवतो. काम मुख्यतः मराठीचं. पण कॉलेजांचे वार्षिक अंक, कंपन्यांची माहितीपत्रकं, गाइडं असं इंग्रजीही बरंच हाताखालून जातं. आणि इंग्रजी प्रूफात मला सगळ्यात जास्त रस कशात असेल तर ओळीच्या टोकाला तुटलेल्या शब्दात.

मावला नाही तर शब्द आडव्या रेघेने तोडायचा आणि उरलेला खालच्या ओळीत न्यायचा, एवढंच वरवर दिसतं. पण कुठेही तोडून चालत नाही. एक अक्षर एकटं मागे ठेवायचं नाही, म्हणून ‘अबाउट’ तुटतच नाही. ‘लेजंड’ नियमाने लेग आणि एंड असा तुटतो. पण तसा तोडला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे आधी पाय येतो आणि मग शेवट. सगळ्यात वाईट ‘मॅनस्लॉटर’, म्हणजे सदोष मनुष्यवध. त्यातला एस वरच्या ओळीला चिकटून राहिला की खालच्या ओळीत शुद्ध ‘लाफ्टर’ उरतं. कोर्टाच्या बातमीत हशा.

आमच्या छापखान्यात एक म्हातारे कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. इंग्रजी बोलायचा प्रसंग त्यांच्यावर फारसा येत नसे, पण त्यांनी तोडलेला इंग्रजी शब्द मला क्वचितच दुरुस्त करावा लागला. कसं जमतं विचारलं तर खिळे उचलता उचलता म्हणायचे, “तोंडात घोळवायचा. जिथे अडतो तिथे मोडायचा.” सिलेबल या गोष्टीची याहून चांगली व्याख्या मला अजून कुणी सांगितलेली नाही. भाषाशास्त्राच्या पुस्तकात म्हणतात की प्रत्येक सिलेबलच्या पोटात एक स्वर असतो आणि त्याच्या मागेपुढे व्यंजनं उभी असतात. तेच ते.

हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी. आठवीत आहे. शाळा मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी-इंग्लिश. या लेखापुरतं तिचं नाव सेमी. संध्याकाळी ती जिन्यात बसून विज्ञानाचे शब्द पाठ करते: पी-एच-ओ-टी-ओ-एस-वाय-एन-टी-एच-ई-एस-आय-एस. फोटोसिंथेसिस. मग पुन्हा पहिल्यापासून. एखाद दिवशी मधला एच गळतो, एखाद दिवशी वायच्या जागी आय येतो. तिच्या आईने मला गाठलं. “भाऊजी, तुम्ही दिवसभर स्पेलिंगंच बघता ना? हिला काही युक्ती सांगा.”

युक्ती म्हणाल तर ती हीच. चौदा अक्षरं एकामागून एक लक्षात ठेवायची म्हणजे चौदा ओळखी नसलेल्या माणसांची नावं पाठ करण्यासारखं आहे. तेच फो-टो-सिन्-थे-सिस असे पाच तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात दोन किंवा तीनच अक्षरं पडतात, आणि त्या तुकड्याचा आवाज आपल्याला आधीच ठाऊक असतो. पी-एच म्हणजे फ, ही एकच भानगड नवीन. मी हे सांगितलं तेव्हा सेमीचा प्रश्न रास्त होता. “पण काका, पाचच तुकडे कशावरून? मी सहा का नाही करायचे?”

यासाठी मी तिला इंग्रजी सांगितलं नाही, लघु-गुरू सांगितले. शाळेत वृत्तं अजून यायची आहेत तिला. मला मात्र ‘यमाताराजभानसलगं’ हे गणांचं सूत्र झोपेतही म्हणता येतं. ‘भक्ती’ हा शब्द घ्या. लिहिताना आपण भ लिहितो आणि मग क्ती. पण वृत्तात तो भ गुरू धरतात, दोन मात्रांचा. ऱ्हस्व असून गुरू का? कारण बोलताना जोडाक्षरातला अर्धा क मागे सरकतो आणि भला टेकतो. तोंडातून निघतं ते भक्-ती. ‘सत्य’ म्हणजे सत्-य. आणि तिथेसुद्धा नियम डोळे मिटून लावायचा नसतो: ‘तुझ्या’मधला तु पुढे जोडाक्षर असूनही लघुच राहतो, कारण त्याच्यावर आघात येत नाही. म्हणजे शेवटचा निकाल कानच देतो. भुजंगप्रयाताचं ‘लगागा लगागा’ ज्याला टाळीवर धरता येतं, त्याला शब्दाचे तुकडे पाडायला इंग्रजीच्या मास्तरांची गरज नाही. मला हे कुणी शाळेत सांगितलं नाही. मराठीच्या तासाला आम्ही मात्रा मोजायचो आणि पुढच्या तासाला इंग्रजीचं स्पेलिंग घोकायचो. मध्ये फक्त एक घंटा व्हायची.

मग डॉक्टर, पेन्सिल, विंडो, मार्केट हे शब्द घेतले. मधे दोन व्यंजनं आली की एक डावीकडे, एक उजवीकडे: डॉक्-टर, पेन्-सिल, विन्-डो. भक्तीसारखंच. हनुवटीखाली तळवा आडवा धरायचा आणि शब्द म्हणायचा. जितक्यांदा जबडा हाताला लागेल तितके तुकडे. हा खेळ तिला फार आवडला. ‘एरिआ’त अक्षरं फक्त चार, पण हाताला तीनदा धक्का बसतो. ‘स्ट्रेंग्थ’मध्ये आठ अक्षरं आणि धक्का एकच. तिने तो शब्द चार वेळा म्हणून पाहिला. मला वाटतं, मी फसवतोय असा तिला संशय होता.

खरी गंमत मधे एकच व्यंजन असतं तिथे. पेपर, टायगर, पायलट, रोबॉट. इथे ते व्यंजन उजवीकडे जातं, डावा तुकडा उघडा राहतो, आणि उघड्या तुकड्यातला स्वर आपलं बाराखडीतलं नव्हे, इंग्रजी वर्णमालेतलं नाव उच्चारतो: ए म्हणजे ए, आय म्हणजे आय, ओ म्हणजे ओ. पे-पर, टाय-गर, रो-बॉट. तुकडा व्यंजनाने बंद झाला की तोच स्वर आखडतो. ‘गो’ उघडा, ‘गॉट’ बंद. ‘ही’ उघडा, ‘हेन’ बंद. म्हणून मधला स्वर आखूडच ठेवायचा असेल तर इंग्रजी लिहिणारा पुढचं व्यंजन दोनदा लिहितो, म्हणजे एक पहारेकरी डावीकडे पक्का. होपिंगमध्ये एक पी, आशा करणं. हॉपिंगमध्ये दोन पी, लंगडी घालणं. लेटर एका टीने लिहिलं तर नंतर, लॅटर दोन टींनी लिहिलं तर दोहोंपैकी दुसरा.

आणि डायनिंग. थाळी मिळणाऱ्या ठिकाणांच्या पाट्यांवर ‘डायनिंग हॉल’ दोन एनने लिहिलेला किती तरी ठिकाणी दिसतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘डिनर’ असतो, त्यात दोन एन आहेतच. पण दोन एनने डायनिंगचं डिनिंग होतं, आणि इंग्रजीत डिन म्हणजे कल्लोळ. कल्लोळाचा हॉल. रविवारी दुपारी दीड वाजता तिथे नंबर लावून उभं राहिलेल्या माणसाने ते चूक आहे असं म्हणू नये.

एकाच व्यंजनाचा हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही लगेच सांगायला हवं. कॅबिन, लिमिट, लेमन, रिव्हर, हॅबिट यांत व्यंजन एकच असूनही पहिला तुकडा बंद आहे: कॅब्-इन, लिम्-इट. म्हणून अनोळखी शब्द वाचताना आधी उघडा म्हणून पाहायचा, ओळखीचा वाटला नाही तर व्यंजन मागे ओढायचं. यावर अमेरिकेत जुना वाद झालेला आहे. पूर्वीची स्पेलिंगची पुस्तकं मुलांना हा-बिट, क्ल-स्टर असे तुकडे शिकवत. एका व्यंजनाने पुढचाच तुकडा सुरू करायचा, उच्चार गेला उडत. नोह वेबस्टरने १७८३ साली आपलं स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि त्यात ठासून सांगितलं की तोडणी अशी हवी की मुलाच्या तोंडून आपोआप बरोबर उच्चार निघावा: हॅब्-इट, क्लस्-टर. शब्दकोश त्याने नंतर केला. आधी तो शाळामास्तर होता, आणि त्याच्या या निर्णयात मला मास्तरच जास्त दिसतो.

पण वेबस्टरच्या बाजूने पूर्ण उभं राहायला माझं मन तयार होत नाही, आणि इथे माझ्या धंद्याचा मुद्दा येतो. कानाने तोडलेला शब्द म्हणायला बरा असतो. लिहायला तो दर वेळी बरा असतोच असं नाही.

‘रेकमेंड’ घ्या. अमेरिकन कोशात त्याची तोडणी रेक्-ऑम्-मेंड अशी आहे, सी पहिल्या तुकड्यात, आणि तोंडातून निघतं रेक्-अ-मेंड. उच्चाराला अगदी बरोबर. पण तोंडातलं हे रेक्-अ-मेंड ऐकून स्पेलिंग लिहायला बसलात तर सी किती आणि एम किती याचा काही पत्ता लागत नाही, आणि पुष्कळ लोक दोन सी घालून बसतात. लिहिताना तो री आणि कमेंड असा तोडायचा. कमेंडमध्ये एक सी, दोन एम. संपलं. ‘डिसअपॉइंट’मध्ये एस एक की दोन? डिस अधिक अपॉइंट. एस एक, पी दोन. ‘मिस्स्पेल’ हा शब्दच लोक चुकीचा लिहितात, म्हणजे एक एस खातात. मिस अधिक स्पेल म्हटलं की दोन्ही एस आपापल्या घरी दिसतात. ‘नॉलेज’ अमेरिकन छापखाना नॉल्-एज असा तोडतो, जुना इंग्रज छापखाना नो-लेज असा, कारण त्यात ‘नो’ म्हणजे जाणणं आहे. हेलिकॉप्टर तोंडाला हे-लि-कॉप्-टर असा येतो. मुळात मात्र तो ग्रीक हेलिको आणि प्टेरॉन, फिरकी आणि पंख. कॉप्टर नावाची काही चीज त्या शब्दात नव्हतीच, ती कानाने तयार केली.

म्हणून माझं म्हणणं असं की इंग्रजी शब्द दोनदा तोडायचा. एकदा तोंडासाठी, एकदा लेखणीसाठी. दोन्ही तोडण्या जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या तर कुठली कशासाठी हे माहीत हवं. आणि हे आपल्याला काही परकं नाही. मराठी मजकुरात ‘भक्ती’ ओळीच्या टोकाला तोडायची वेळ आली तर कुठलाही छापखाना भ वर ठेवेल आणि क्ती खाली नेईल. भक् वर आणि ती खाली, असं मी कधी पाहिलेलं नाही. वृत्तासाठी कानाची तोडणी, छपाईसाठी डोळ्याची. दोन्ही आपण बिनतक्रार वापरतो.

आता त्या पेइंग गेस्टवाल्या शब्दाकडे येतो, कारण लेखणीच्या तोडणीचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. लॅटिनमध्ये ‘ॲड’ हा उपसर्ग आहे, ‘-कडे’ अशा अर्थाचा. तो पुढच्या व्यंजनाला पाहून रंग बदलतो. पुढे सी आला की डीचा सी होतो, पी आला की पी, टी आला की टी. म्हणून ॲक्सेप्टला दोन सी, अपॉइंटला दोन पी, अटेंडला दोन टी. आठवतंय का काही? उत् अधिक लेख, उल्लेख. सत् अधिक जन, सज्जन. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. व्यंजनसंधी! रोमन लोकांची जीभही आपल्यासारखीच आळशी होती. ‘इन’ अधिक लीगल, इल्लीगल, दोन एल. ‘इन’ अधिक रेग्युलर, दोन आर. ‘सब’ अधिक पोर्ट, सपोर्ट, दोन पी. ‘ऑब’ अधिक पोझ, अपोझ, तिथेही दोन पी. उच्चारात बहुतेकदा एकच ऐकू येतो, लेखणीत दुसरा राहून गेला. अकॉमोडेशनमध्ये असे दोन उपसर्ग एकावर एक बसलेत: ॲडचा ॲक झाला म्हणून दोन सी, त्यानंतर कॉम आणि पुढे मोड, म्हणून दोन एम. ॲक-कॉम-मो-डे-शन. इतकं एकदा समजलं की हा शब्द जन्मात चुकत नाही. कमिटीतसुद्धा हाच कॉम आहे. दोन टी आणि दोन ईंची जबाबदारी मात्र तो घेत नाही.

आणि याच वेळी सांगून टाकतो, ‘अपार्टमेंट’ला एकच पी. फ्रेंचांकडे दोन आहेत, इंग्रजांनी एक ठेवला. सोसायट्यांच्या कमानींवर दोन पी कोरणारे लोक नकळत फ्रेंच लिहितात. कोथरूडमध्ये अशी एक कमान आहे, संगमरवरी. तिला आता कोण हात लावणार?

सेमीला संधीचा भाग फार पटकन कळला, माझ्यापेक्षा पटकन. तिला अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी: बिगिनिंगला दोन एन आणि व्हिजिटिंगला एकच टी, असं का? दोन्ही शब्द ‘इंग’ लागायच्या आधी एका स्वराने आणि एका व्यंजनानेच संपतात. इथे तुकडे मोजून भागत नाही, जोर कुठल्या तुकड्यावर आहे ते पाहावं लागतं. बि-गिन, जोर शेवटच्या तुकड्यावर. म्हणून एन दुप्पट. व्हि-जिट, जोर पहिल्यावर. म्हणून टी आहे तसाच. हे समजावणं मला वाटलं होतं जड जाईल. पण तिचा मोठा भाऊ पथकात ताशा वाजवतो. नदीपात्रात सराव सुरू झाला की त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर, कपाटाच्या दारावर, गॅस सिलिंडरवर सतत बोटं चाललेली असतात. ठोका कुठे पडला हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. तिने दोन बोटांनी स्टुलावर वाजवून दाखवलं: ऑफर, ठक-टिक, रेफर, टिक-ठक. ऑफर्डला एक आर, रेफर्डला दोन. मग मी तिला ‘रेफरन्स’ वाजवायला सांगितलं. ठक-टिक-टिक. ठोका पहिल्या तुकड्यावर सरकला, आणि त्याबरोबर एक आर गेला. रेफरन्सला एकच आर! ती एकदम म्हणाली, “म्हणजे पुस्तकात चूक नाहीये.” तिच्या वहीत रेफर्ड आणि रेफरन्स शेजारी शेजारी होते आणि एकात दोन आर, एकात एक पाहून तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

(ट्रॅव्हलिंगला जोर पहिल्यावर असूनही इंग्रज दोन एल लिहितात, अमेरिकन एक. आपल्याकडे वर्तमानपत्रं इंग्रजांचं ऐकतात, कॉम्प्युटर अमेरिकनांचं ऐकतो आणि लाल रेघ मारतो. त्या लाल रेघेकडे मी दुर्लक्ष करतो.)

जोराची ही गोष्ट यंत्रालाही छळते. डोनाल्ड कनूथ नावाचे स्टॅनफर्डचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी गणिताची पुस्तकं नीट छापता यावीत म्हणून टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिली. त्यांचं आडनाव के-एनने सुरू होतं आणि ‘नॉलेज’मधला के गप्प असला तरी यांचा के बोलतो, हे एक बरं आहे. त्यांचा विद्यार्थी फ्रँक लियांग याने शब्द कुठे तोडायचे हे कॉम्प्युटरला शिकवण्यावर १९८३ साली प्रबंध लिहिला. त्याने कोशातून अक्षरांचे ४४४७ नमुने काढले. त्यांच्या जोरावर कोशातल्या ८९ टक्के तोडणीच्या जागा सापडतात आणि चुकीच्या जागी शब्द जवळजवळ तुटतच नाही. ‘भलत्या जागी तुटण्यापेक्षा न तुटलेला बरा’ हे धोरण. आमचे कंपोझिटर काका खूश झाले असते. शिवाय टेकमध्ये १४ अपवादांची छोटीशी यादी आहे, आणि त्यात ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ हे शब्द, त्यांच्या अनेकवचनांसकट, अजिबात न तोडता ठेवलेत. कारण नाम असेल तर प्रेझ्-एंट, जोर पहिल्या तुकड्यावर. क्रियापद असेल तर प्रि-झेंट, जोर शेवटच्या तुकड्यावर. लिहायला दोन्ही एकच. भेट आहे की भेट देणं आहे हे वाक्य समजल्याशिवाय कळत नाही, आणि वाक्य समजणं हे त्या बिचाऱ्या नमुन्यांचं काम नव्हतं.

जोर नसलेल्या तुकड्यांचं इंग्रज काय करतो? गिळतो. आपण ‘कम्फर्टेबल’ चारही तुकडे वाजवून म्हणतो, तो कम्फ्-ट-बल असे तीनच म्हणतो. आपलं ‘व्हेजिटेबल’ पूर्ण, त्याचं व्हेज्-ट-बल. यावरून आपल्याला हसायची एक फॅशन आहे, स्पोकन इंग्लिशच्या क्लासांचा अर्धा धंदा तीवर चालतो. मला ते पटत नाही. तोंडासाठी शिकून घ्यावं, जरूर. फोनवर परदेशातला माणूस समजला पाहिजे. पण लेखणीच्या बाजूने बघाल तर आपलं भरघोस बोलणं हे भांडवल आहे. इंग्रज मूल ‘सेपरेट’ लिहिताना पीनंतर ए की ई यात फसतं, कारण त्याच्या तोंडात तिथे नुसता एक अस्पष्ट ‘अ’ असतो. आपल्या मास्तरांनी ‘से-पा-रेट’ म्हणून शिकवलेला मुलगा फसत नाही. आम्ही शाळेत ‘वेड-नेस-डे’ म्हणायचो, ‘फेब-रु-अरी’ म्हणायचो, आणि नॉलेजला तर सरळ ‘के-नो-व-लेड-गे’. वर्ग हसायचा, स्पेलिंग मात्र पक्कं बसायचं. ती लेखणीची तोडणी होती, फक्त तिला तसं नाव नव्हतं. वेडनेसडे तर इतिहासालाही धरून आहे: तो वोडन देवाचा दिवस, आणि त्यातला डी कधीकाळी उच्चारला जात होता.

‘प्रनन्सिएशन’ या शब्दात मात्र उलटं होतं. आपण सगळे प्रोनाउन्सिएशन म्हणतो, म्हणून ओ-यू लिहितो, आणि चुकतो. क्रियापदात नाउन, नामात नन. म्हणजे एक तोडणी शिकून दुसरी सोडून द्यायची सोय नाही.

गप्प अक्षरांसाठी मी सेमीला एक वेगळी सवय लावतो आहे: शब्द लांबवायचा आणि पुन्हा तोडायचा. ‘साइन’मध्ये जी का? सिग्-नल म्हण. जी पहिल्या तुकड्याच्या शेवटी जाऊन बसला आणि बोलायला लागला. ‘मसल’मध्ये सी का? मस्-क्यु-लर. ‘ऑटम’च्या शेवटी एन कशाला? ऑ-टम्-नल. ‘ग्रामर’च्या शेवटी ए-आर की ई-आर? ग्रॅ-मॅ-टि-कल, ए ढळढळीत ऐकू येतो. मोठा शब्द तोडला की लहान शब्दाचं स्पेलिंग सापडतं, हे तिला फार आवडलंय. आता ती मला कोडी घालते. परवा ‘कर्नल’ आणला होता. तो शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत दोन रूपांनी फिरत होता, फ्रेंच वळणाचा आरवाला आणि इटालियन वळणाचा एलवाला. लिहायला एल ठेवला, बोलायला आर. तिथे लांबवून काही मिळत नाही. को-लो-नेल म्हणायचं आणि लिहून मोकळं व्हायचं.

सध्या त्यांचा पेशीचा धडा चालू आहे. मायटोकॉन्ड्रिया: माय-टो-कॉन्-ड्रि-आ. मायटो म्हणजे धागा, कॉन्ड्रियॉन म्हणजे कण, आणि ग्रीक शब्द म्हटल्यावर सी-एचचा क. हा एका दमात झाला. क्लोरोप्लास्टही झाला. मग सायटोप्लाझमवर आमचं भांडण सुरू झालं. मी म्हटलं चार तुकडे. सेमी म्हणाली तीन: साय, टो, प्लाझम. “काका, एस आणि एमच्या मधे स्वरच नाहीये. तुम्हीच म्हणालात प्रत्येक तुकड्यात स्वर हवा.” मी म्हटलं, कधी कधी एम स्वतःच स्वराचं काम करतो, ‘ऱ्हिदम’मध्ये बघ, तिथे ए-ई-आय-ओ-यूपैकी एकही नाही, तरी तुकडे दोन. “हात धर हनुवटीखाली.”

तिने धरला. दोनदा म्हटलं. झमला जबडा हाताला लागतो की नाही, हे ठरेना, जरासा लागतो. मग तिने वहीत साय, टो, प्ला यांच्यासमोर एक-एक आकडा घातला आणि झमसमोर अर्धा. बेरीज साडेतीन. मी लाल पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. घटक चाचणीत हे विचारत नाहीत.